उठलेली रेघ

तांबट लेनच्या तोंडाशी एका घड्याळजीनं
अर्धं टेबल मला भाड्यानं दिलंय.
दहापटीचं भिंग, सोनाराचा काटा, टेबललॅम्प
आणि पुठ्ठ्याची पाटी :
नाणी तपासून मिळतील. विकत घेत नाही.

एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये होतो.
तिथं चूक दिसली की तिच्यावर लाल फुली,
आणि संध्याकाळपर्यंत तिचा भुगा.
इथं लोक चूक तळहातावर घेऊन येतात,
रुमालात, काडेपेटीत, एकीनं तर कुंकवाच्या करंड्यात,
आणि आवाज खाली आणून विचारतात,
दोंदेकाका, हिचे लाख येतील ना?

हे रुळावर ठेवलेलं आहे, ताई.
ठसा चित्र उठवतो. चाक चित्र फासतं.
सिंहांची तोंडं बघा, ओल्या भिंतीवरून हात फिरवल्यासारखी.

हे कानशीनं घासलंय.
चकती मुळातच कोर पडून कापली गेली असती
तर त्या कोरीच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठावर,
कड मवाळ पडली असती.
घाव इथं, उणीव तिथं.
घासणाऱ्याला हे ठाऊक नसतं, तो नुसताच घाव घालतो.

हे वाइसमध्ये आवळलेलं.
अक्षरं उलटी उमटली खरी, पण मागची बाजू चेपली बिचारी.
आणि ह्याचं मधलं पितळ निखळलं नाही,
कुणीतरी हातोडीनं पाडलंय. वास घ्या, अजून तेल आहे.

दुपारी किसना बेंडकुळे येतो, थेट गंगेवरून,
गळ्यात दोरी, दोरीला स्पीकरचं लोहचुंबक.
तांबं त्याच्या दोरीला लागत नाही,
ते देवाच्याच वाट्याला जातं.
स्टीलचे रुपये तेवढे वर येतात,
ते तो टेबलावर ओततो आणि घड्याळजी ओरडतो, पाणी! पाणी!

नख फिरव, मी म्हणतो. खाली जातंय की वर येतंय?
साच्याला तडा गेला की नाण्यावर रेघ उठते.
नाण्याला ओरखडा बसला की रेघ खचते.
उठलेली ती बनवणाऱ्याची.
खचलेली ती बाकी सगळ्यांची.

चाळीसेक नाणी. खाली. खाली. खाली.
मग एकदम, काका, वर!

कणसाच्या देठापासून काठापर्यंत, केसाएवढी.
खरीच होती.
किती? शंभर. दीडशे, वेडा गिऱ्हाईक भेटला तर.
त्यानं ते खिशात टाकलं नाही.
दुसरं एक उचललं, पार झिजलेलं, काळं,
रुपया आहे की दोन, तेही कळेना.
म्हणजे त्यांचं चुकलं तर पैसे, आणि
ह्यानं एवढं खाल्लं त्याचं काहीच नाही?

मी भिंगात जरा जास्त वेळ बघत राहिलो.

एक घड्याळजीला माहीत नाही, घरीही कधी बोललो नाही.
रात्रपाळी होती, शंभराचे ताव.
एका नोटेचा शेवटचा आकडा अर्धं घर खाली घसरलेला.
दिसला होता.
लाल पेन्सिल दोन पावलं लांब, पलीकडच्या टेबलावर.
मी सही केली
आणि वरचा ताव उलटला.

तेवढंच. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही.
कुठंतरी एखाद्याच्या अल्बममध्ये असेल ती,
प्लास्टिकच्या कप्प्यात,
किंवा भिजून, फाटून, टेप लावून
अजून हिंडत असेल सिन्नर-घोटीकडे.

किसनाला त्या काळ्या नाण्याचे दोन रुपये दिले.
पाटीवर काय लिहिलंय ते त्यानं मला वाचून दाखवलं
आणि हसत पळाला.

संध्याकाळी भाजीबाजारात शंभराची नोट सुटी होऊन आली,
की मी ती उजेडात धरतो, अंगठा आकड्यांवरून सरकवतो.
मेथीवाली इंदुबाई चिडते.
खोटी नाही हो काका, सकाळीच बँकेतून आणलीय.

खोटी नाही शोधत, बाई,
मी म्हणतो, आणि जुडी पिशवीत टाकतो.